दोन दिवसांचे विजयपूर : पाच माणसे, नऊ हजार रुपये

लहान गावातील एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या प्रवासाचा हिशेब मांडला, तर त्यातील बहुतेक नोंदी दुसऱ्यांच्या कार्याच्या निघतात. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, दवाखाना, कोर्टाची तारीख आणि अधूनमधून एखादे तीर्थक्षेत्र. घरातील सर्व माणसे केवळ काही पाहावे, दोन दिवस एकत्र राहावे म्हणून बाहेर पडली, अशी नोंद विरळाच आढळते. कारण विचारले असता 'परवडत नाही' हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर खोटे नसते. परंतु कितीला परवडत नाही, हे कागदावर कोणी मांडलेले नसते. न मांडलेला खर्च मनात वाढतच जातो आणि बेत पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक घडते. शेजारचे काश्मीरला गेले, भावकीतले केरळला गेले, म्हणून हप्त्यावर सहल घेतली जाते. सहल सहा दिवसांत संपते, हप्ते बारा महिने चालतात. कर्जाने दुकानात माल भरला तर त्यातून परतफेडीची सोय होते. कर्जाने केलेल्या सहलीतून तशी सोय होत नाही. न जाणे आणि उधारीने जाणे, या दोहोंच्या मध्ये एक साधा मार्ग आहे. जवळचे एक ऐतिहासिक शहर निवडावे, त्याला पुरते दोन दिवस द्यावेत आणि त्यासाठीची रक्कम आधी साठवावी.

उदाहरणादाखल वैरागच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालविणारे पाच जणांचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला टेकलेल्या आजी. आजींचे गुडघे दुखतात, मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात आदिलशाही हा एक धडा आहे आणि दुकान सलग दोन दिवस बंद राहिल्याचे कोणालाही आठवत नाही. या कुटुंबासाठी विजयपूर, म्हणजे जुने विजापूर, हे शहर सर्व दृष्टींनी सोयीचे आहे. वैरागहून सोलापूर सुमारे ५० किलोमीटर आणि सोलापूरहून विजयपूर सुमारे १०० किलोमीटर. सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या जेवणापूर्वी शहरात पोहोचता येते.

'इतक्या लांब जायचेच, तर वाटेतली आणखी चार ठिकाणेही उरकून घेऊ', हा विचार येथे हमखास डोके वर काढतो. त्याचा हिशेब करून पाहावा. गाडी भाड्याने घेऊन दोन दिवसांत चार गावे करायची म्हटली, तर सहज ६०० किलोमीटर होतात. किलोमीटरला १५ रुपये दर धरला, तरी गाडीचेच ९,००० रुपये झाले. चालकाचा भत्ता आणि जेवण वेगळे. शिवाय दोन दिवसांतील बारा-चौदा तास गाडीत जातात. म्हातारे माणूस आखडते, मुलांना गाडी लागते आणि प्रत्येक ठिकाणी 'चला, उशीर होतोय' एवढेच ऐकू येते. एकच शहर निवडले की सर्वांत मोठा खर्च आपोआप कमी होतो आणि पाहण्याचा वेळ वाढतो.

विजयपूरची निवड केवळ अंतरामुळे करावयाची नाही. १४९०च्या सुमारास स्थापन झालेली आणि १६८६ साली औरंगजेबाने संपविलेली आदिलशाही येथून राज्य करीत होती. शहाजीराजे या दरबारचे सरदार होते. अफझलखानाची १६५९ची मोहीम याच दरबाराने काढली होती. या घराण्यातील पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सरकारी हिशेबाचे दप्तर फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास सुरुवात केली, ही गोष्ट व्यापारी कुटुंबातील मुलांना अवश्य सांगावी. सोलापूर, परंडा, नळदुर्ग या परिचित गावांचे किल्लेही याच इतिहासात गुंतलेले आहेत. धड्यात जे नाव केवळ शत्रूचे म्हणून भेटते, त्याच्या मागे केवढे शहर, केवढी कारागिरी आणि किती प्रकारची माणसे उभी होती, हे मुलीला तेथे प्रत्यक्ष दिसेल.

आता प्रवासभाडे. महाराष्ट्र एस.टी.मध्ये मार्च २०२३पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवास, अशी सोय आहे. त्यासाठी आधार कार्ड बरोबर ठेवावे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू होते; भीमा ओलांडून कर्नाटकात शिरल्यावर पुढचे भाडे पूर्ण धरावे. कर्नाटकातील महिलांचा मोफत बसप्रवास त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. त्याचा लाभ वैरागच्या महिलांना मिळणार नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे, म्हणजे बसमध्ये वाहकाशी वाद होत नाही. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास चार किंवा सात दिवसांचा असतो. दोन दिवसांच्या बेताला तो उपयोगी नाही. सोलापूरहून होटगीमार्गे विजयपूरला रेल्वेही जाते. वेळ जुळत असेल तर रेल्वे स्वस्त पडते; परंतु ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतील सवलत २०२०पासून बंद आहे, हे ध्यानात ठेवावे.

खर्चाची चौकट अशी आखता येईल. एकूण मर्यादा ९,००० रुपये. त्यांपैकी जाण्यायेण्यासाठी २,५००. एका रात्रीच्या दोन साध्या खोल्यांसाठी २,४००. जेवण व न्याहारीसाठी १,५००. शहरातील रिक्षा-टांग्यासाठी १,२००. प्रवेश तिकिटे व संग्रहालयासाठी ३००. आणि १,१०० रुपये राखीव. हे आकडे कोणाचे दरपत्रक नव्हेत, प्रत्येक बाबीची कमाल मर्यादा होय. निघण्यापूर्वी दोन-तीन लॉजना दूरध्वनी करून त्या दिवसाचा दर, गरम पाणी आणि तळमजल्यावरची खोली यांची चौकशी करावी. तिकिटांचा खर्च तर फारच थोडा आहे. गोलघुमट व इब्राहिम रोजा या दोनच मुख्य ठिकाणी तिकीट असते. भारतीय प्रौढांना ते पंचवीस रुपयांच्या आसपास पडते आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. बाकी बहुतेक वास्तू विनाशुल्क पाहता येतात.

हे ९,००० रुपये एका दिवसात उभे करावयाचे नाहीत. बँकेत दरमहा ७५० रुपयांची बारा महिन्यांची आवर्त ठेव उघडली, तर मुद्दल तेवढेच होते आणि व्याज वर मिळते. खाते वेगळे ठेवण्याचा लाभ असा की, मध्येच मालाची उधारी आली किंवा एखादा आहेर निघाला, तर हात प्रथम या पैशाकडे जात नाही.

आणखी एक खर्च तिकिटावर छापलेला नसतो; तो म्हणजे बंद दुकानाचा. दोन दिवसांचा निव्वळ नफा किती बुडेल, हे दुकानदाराने वहीतून काढावे आणि तो आकडा या हिशेबाशेजारी लिहावा. बहुधा असे दिसते की नेहमीचे गिऱ्हाईक डाळ-तांदूळ एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर घेऊन जाते. खरोखर बुडते ते किरकोळ गिऱ्हाइकाचे. फळीवर आठ दिवस आधी सूचना लावली, तर हे नुकसान आणखी कमी होते.

इथवर हिशेब जमला की अशा घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. आजी म्हणतात, "तुम्ही चौघे जाऊन या. माझ्यामुळे तुमचा खर्च वाढतो आणि तुम्हाला धड फिरताही यायचे नाही." हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते खरे मानले जाते. मुलगा गप्प राहतो, सून "असं काय बोलता, आई" म्हणते आणि विषय तिथेच थांबतो. वास्तविक त्याच क्षणी कागद पुढे ओढावयास हवा. आजी आल्या तर नेमका किती खर्च वाढतो? प्रवासाचे सुमारे ४५०, जेवणाचे ३००, तिकिटांचे ५०. आणि चौघांचे एका खोलीत भागले असते, म्हणून दुसऱ्या खोलीचे १,२००. एकूण २,००० रुपये. वर्षभरात विभागले तर दिवसाला साधारण साडेपाच रुपये. ज्या घरात आजींनी चाळीस वर्षे सर्वांच्या डब्यांचा आणि दुखण्यांचा हिशेब ठेवला, त्या घराने हा साडेपाच रुपयांचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. बेत चार माणसांचा की पाच माणसांचा, याचा निर्णय त्यानंतर करावा. सहल पुढच्या वर्षीही होऊ शकेल. गुडघे मात्र ठेवीच्या मुदतीची वाट पाहत नाहीत.

आजी बरोबर असल्या की दिवसाची आखणी त्यांच्या चालीने करावी लागते, आणि तशी केलेली आखणी सर्वांनाच सुखाची होते. विजयपूर पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. पूर्वेला रेल्वे स्थानकाजवळ गोलघुमट, मध्यभागी बालेकिल्ल्यातील महाल, पश्चिमेला तट व बुरूज आणि तटाबाहेर इब्राहिम रोजा. म्हणून शनिवारी पश्चिम बाजू आणि रविवारी पूर्व व मध्यभाग, अशी विभागणी करावी. एकाच रस्त्याने चार वेळा रिक्षा करणे त्यामुळे टळते. रिक्षा किंवा टांगा ठरविताना ठिकाणांची नावे, थांबण्याचा वेळ आणि एकूण रक्कम आधीच बोलून घ्यावी. पाट्या कन्नडमध्ये असल्या, तरी मराठी व हिंदी समजणारी माणसे तेथे पुष्कळ भेटतात.

शनिवारी पहाटे निघून अकराच्या सुमारास पोहोचावे. घरून नेलेल्या दशम्या, धपाटे व शेंगाचटणीवर दुपारचे जेवण व्हावे आणि आजींनी तासभर पाठ टेकावी. तीनच्या सुमारास प्रथम इब्राहिम रोजा पाहावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (१५८०–१६२७) ही कबर आणि तिच्यासमोरची मशीद एकाच उंच चौथऱ्यावर उभ्या आहेत. खिडक्यांच्या दगडी जाळीत अक्षरेच कोरून काढलेली आहेत. दगड काढून टाकला आणि अक्षर तेवढे राहिले. मलिक संदल या वास्तुकाराचे नाव येथील शिलालेखात आहे, आणि बांधकामाला सुमारे दीड लाख होन लागल्याची नोंदही आहे. आपला खर्च दारावर कोरून ठेवणारी इमारत व्यापाऱ्याच्या मुलांना विशेष आवडेल. चौथऱ्याच्या पायऱ्या थोड्या आहेत; आजींना त्या सावकाश चढता येतात आणि वर सावलीत बसण्यास जागाही आहे.

तेथून शेरझा बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ पाहावी. तिच्या नावाचा अर्थ 'रणमैदानाचा स्वामी'. सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेच्या तोंडाशी जबडा उघडलेल्या हिंस्र पशूचे मुख असून त्याच्या दातांत हत्ती दाखविला आहे. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ साली परंड्याच्या किल्ल्यातून विजापूरला आणली गेली. परंडा म्हणजे बार्शीच्या शेजारचा तालुका. वैरागकरांच्या ओळखीच्या मुलखातूनच हे अजस्र धूड बैल-हत्तींच्या साहाय्याने ओढत नेले गेले, हे कळल्यावर मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. १८५४ साली ही तोफ लिलावात अवघ्या १५० रुपयांना विकली गेली होती. पुढे तो व्यवहार रद्द झाला म्हणून ती आज जागेवर आहे. मोलाची वस्तू आणि तिची त्या दिवशी बोलली गेलेली किंमत यांत केवढे अंतर असू शकते, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. जवळच १५८४चा उपली बुरूज आहे. त्याच्या बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या मुलांनी वडिलांसोबत चढाव्यात. आजी व सूनबाईंनी खाली थांबावे.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांनी येथे घड्याळाकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि बहुतेक खानावळींची संध्याकाळची चूल त्यानंतर पेटते. म्हणून दुपारीच खानावळीत सांगून साडेपाचला ताटे तयार ठेवण्यास सांगावे. ज्वारीची भाकरी, भरले वांगे, कडधान्याची उसळ, शेंगाचटणी हे उत्तर कर्नाटकचे ताट सोलापूरच्या ताटाहून फारसे वेगळे नाही. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असेल तर तेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे. ताट समोर आल्यावर सांगून उपयोग नसतो. शहरात सहस्रफणी पार्श्वनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. त्याचे दर्शन दोन दिवसांतील सोयीच्या फेरीत बसवावे आणि भोजन-निवासाची काही सोय होऊ शकेल का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

रविवारची सकाळ गोलघुमटासाठी राखावी, आणि तेथे दार उघडताच पोहोचावे. ही महंमद आदिलशहाची (१६२७–१६५६) कबर. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर असून आतील प्रचंड दालनात एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सारा भार भिंतींवर उतरविला आहे. चार कोपऱ्यांवरील सात मजली मिनारांतील अरुंद जिन्यांनी वर गेले की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. एका बाजूला भिंतीशी पुटपुटलेला शब्द समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो आणि एक टाळी अनेकदा परत येते. मात्र गर्दी वाढली की आरडाओरड्यात ही किमया हरवून जाते. लवकर पोहोचण्यासाठी जादा पैसे पडत नाहीत; तरीही या सहलीतील सर्वांत मोलाची गोष्ट त्यामुळेच हाती लागते.

हे जिने आजींना झेपणारे नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नये. त्यांनी खाली दालनात बसावे. प्रथम वडील व मुलगी वर जातील, आई व मुलगा आजींजवळ थांबतील; नंतर पाळी बदलावी. यात तासभर अधिक जातो. परंतु कोणालाही एकटे बसावे लागत नाही आणि वर काय ऐकले, हे दोनदा सांगितले जाते. सज्ज्यावरचा आवाज खालीही घुमत येतो. नातीने वरून मारलेली हाक खाली बसलेल्या आजींपर्यंत पोहोचते, ती अनेक हाका होऊन. वर न चढताही त्या घुमटातला त्यांचा वाटा त्यांना मिळतो.

आवारातच नगारखान्याच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शिलालेख, हस्तलिखिते आणि जुनी शिल्पे तेथे मांडलेली आहेत. आदिलशाहीपूर्वीही या भूमीवर अनेक संप्रदाय नांदत होते, हे त्यांवरून कळते. पुढे जामा मशीद बाहेरून व शिस्तीने पाहून १५६१चा गगनमहाल गाठावा. १६८६ साली राज्य हरलेल्या तरुण सिकंदर आदिलशहाला चांदीच्या साखळदंडात येथेच औरंगजेबापुढे उभे केल्याचे सांगतात. शेवटी बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाने आपल्या कबरीसाठी आरंभलेले हे बांधकाम १६७२ साली तो वारल्यावर अर्धेच राहिले. आभाळाकडे पाहणाऱ्या नुसत्या कमानी, वर छत नाही. आवाका न पाहता आखलेल्या बेतांची आठवण तेथे कोणालाही व्हावी. दुपारी एकला जेवून दोनची बस धरली, तर संध्याकाळचे जेवण सोलापुरात वेळेत होते आणि दिवेलागणीनंतर घर गाठता येते.

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत; वैशाखात तेथील दगड तापलेला असतो. जानेवारीच्या मध्यास सोलापूर व विजयपूर या दोन्ही शहरांत सिद्धेश्वराची यात्रा भरते. त्या आठवड्यात बस भरलेल्या आणि खोल्या महाग असतात; म्हणून तो टाळावा. आजींची औषधे, त्यांची चिठ्ठी, उकळलेले पाणी आणि पायांत जुन्या, सरावाच्या चपला, एवढे सामान पुरेसे आहे.

परतल्यावर त्याच आठवड्यात खर्च वहीत लिहून काढावा. कोठे मर्यादा ओलांडली, कोठे उरले, हे मुलीकडून लिहून घ्यावे. तिला जमाखर्च शिकविण्याची ही चांगली संधी आहे. राखीव रकमेतले जे उरेल, तो पुढच्या ठेवीचा पहिला हप्ता समजावा. नळदुर्गचा पाणीमहाल याच दुसऱ्या इब्राहिमच्या काळातला आहे आणि वैरागहून तो विजयपूरपेक्षाही जवळ पडतो.

त्यासाठी आधी हे खाते उघडले पाहिजे. ठेवीच्या अर्जावर एका खातेदाराचे नाव पुरते. वहीच्या पहिल्या पानावर मात्र प्रवाशांची नावे लिहावीत, ती पाच, आणि पहिले नाव आजींचे असावे.